जामीनदाराचे क्रियाविशेषण

मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहण्यासाठी मी गेल्या आठवड्यात एका पतसंस्थेत गेलो आणि तिथे करारनामा चक्क वाचायला लागलो, एवढ्याच कारणावरून कर्ज विभागातील कारकुनाने माझ्याकडे संशयाने पाहिले. ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ या शब्दांपाशी थांबून मी त्यातल्या ‘सेव्हरली’चा अर्थ विचारला.

‘‘सर, सेव्हरल म्हणजे अनेक. तुम्हाला अनेक ठिकाणी सह्या करायच्या आहेत ना, म्हणून.’’

शेजारच्या खुर्चीवर मांडीवर फाईल घेऊन बसलेल्या, चारचौघांना जामीन राहिल्याचा अनुभव मुद्रेवर बाळगणाऱ्या एका गृहस्थांना हे पटले नाही. ‘‘ते ‘सिव्हिअरली’ असणार. छापणाऱ्याने घोळ घातलाय. हप्ता थकला की कडक कारवाई!’’ कारकुनाला हा अर्थ फारच आवडला. मी म्हटले, ‘‘अहो, त्याचा अर्थ पृथकपणे. पाच लाख थकले, तर पाचही लाख माझ्या एकट्याकडून मागता येतात.’’

‘‘आणि दुसऱ्या जामीनदाराकडून?’’

‘‘त्याच्याकडूनही पाच.’’

‘‘आणि मेव्हण्यांकडून?’’

‘‘पाच.’’

‘‘म्हणजे पंधरा झाले की!’’ गृहस्थ कारकुनाकडे वळले. ‘‘धंदा बरा आहे तुमचा.’’ वसुली एकदाच होते, हे त्यांना पटवेपर्यंत माझा टोकन क्रमांक पुकारून झाला होता.

खरे तर हा शब्द वगळला तरी माझी सुटका नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 43 एकत्र वचन देणाऱ्यांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण वसुली करू देते आणि कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. भरलेले पैसे मेव्हण्याकडून परत मागण्याचा हक्कही हाच कायदा देतो. मात्र तो हक्क भाऊबीजेच्या ताटासमोर कसा बजावावा, याविषयी तो मौन पाळतो.

माझा राग कायद्यावर नाही. ज्या संस्थेची पाटी मराठी, वार्षिक सभा मराठीत, थकबाकीची नोटीससुद्धा खणखणीत मराठीत, तिचा करारनामा तेवढा इंग्रजीत का असावा? धमकी कळावी आणि कबुली कळू नये, अशी ही सोय दिसते. हे मी कारकुनाला ऐकवत असताना त्याने शांतपणे शेवटचे पान उलटले आणि एका इंग्रजी वाक्याखाली बोट ठेवले. सर्व मजकूर मला माझ्या मातृभाषेत समजावून सांगण्यात आला आहे, असे त्यात लिहिले होते.

‘‘इथे एक सही राहिली, सर.’’