लहान मुलासह गावातच सुटी घालवू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

दिवाळीच्या सुटीत लहान मुलाला घेऊन कोठे जाणार, या प्रश्नाला ‘कोठेच नाही, पुण्यातच फिरणार’ असे उत्तर दिल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जी करुणा दाटून येते, तिला भिऊ नये. तीन वर्षांच्या मुलाला दुबई आणि दांडेकर पूल यांतला फरक कळत नाही. मात्र दोन वर्षे पूर्ण होताच विमानात त्याच्यासाठी स्वतंत्र आसन घ्यावे लागते आणि त्या आसनावर ते पाच मिनिटेही बसत नाही. मोटारीने महाबळेश्वरला निघालेल्यांना सुटीत पसरणी घाट इतक्या सावकाश पाहायला मिळतो की पुढे महाबळेश्वर पाहण्याची इच्छा उरत नाही. तेव्हा आपण गावातच राहिलात, हे शहाणपण केलेत. त्या शहाणपणाची शिक्षा कशी भोगावी, एवढेच येथे सांगायचे आहे.

पहिली बाब वेळेची. शहरातल्या बऱ्याच बागा सकाळी अकराच्या सुमारास बंद होतात आणि दुपारी चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. मुलाला उठवून, दूध पाजून, त्याला नको असलेला सदरा घालून आणि दूध सांडल्यामुळे तो बदलून बागेच्या दाराशी पोहोचेपर्यंत पावणेअकरा वाजलेले असतात. यावर उपाय एकच : मुलाला जन्मापासूनच बागेच्या वेळापत्रकाप्रमाणे वाढवावे.

बुधवारी कात्रजला जाऊ नये, कारण त्या दिवशी प्राणिसंग्रहालय बंद असते. वाघ दाखवण्याचे वचन दिलेले असेल, तर अवश्य जावे.

बाबागाडी घेतली असल्यास ती दिवाणखान्यातच चालवावी, कारण पदपथ दुचाकीस्वारांना लागतो.

निघण्यापूर्वी मुलाला सबंध दिवसाची लघवी एकदमच उरकून घेण्यास सांगावे. स्वच्छतागृहाला कुलूप असते आणि ज्याच्याकडे किल्ली असते, तो नुकताच जेवायला गेलेला असतो.

करमणुकीची साधने मात्र भरपूर आहेत, हे उपरोध बाजूला ठेवून सांगतो. पेशवे पार्कातली फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी १९५६ साली सुरू झाली आणि तिच्यात बसलेली मुले आता नातवंडांचा हात धरून त्याच रांगेत उभी असतात. मेट्रोने वनाजहून रामवाडीपर्यंत जाऊन परत आले, तर वाटेत मुठा नदी दिसते आणि मावळ्याच्या पगडीच्या घाटाची स्थानकेही दिसतात. उतरून कोठे जायचेच असते असे नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेचे तिकीट लागत नाही, त्यामुळे लोणावळा लोकलने तळेगावपर्यंत जाऊन वडा खाऊन परतणे हा तर पूर्ण दिवसाचा सोहळा होतो. खिडकी मिळाली, तर मूल स्वित्झर्लंडचे नावही काढत नाही. (ते काढणारे आजी-आजोबा निराळे.)

आता झोपाळ्याविषयी.

बागेत झोपाळे असतात. त्यांपैकी एकाची साखळी तुटलेली असते, दुसऱ्याची फळी गेलेली असते आणि जो धड असतो, त्याच्या शेजारी ‘फक्त १२ वर्षांखालील मुलांसाठी’ अशी ठळक पाटी असते. ही पाटी शोभेसाठी आहे, असे मुलाला आरंभीच समजावून द्यावे. गेल्या रविवारी त्या झोपाळ्यावर मिशा असलेले एक बालक बसले होते, दुसरे त्याला झोके देत होते आणि तिसरे मोबाइलवर चित्रण करत होते. पहिले चित्रण पसंत न पडल्याने दुसरे झाले, मग जागांची अदलाबदल झाली, मग गॉगल चढवून सारे प्रथमपासून. आमची मुलगी त्या खांबाला धरून उभी होती. ‘काका, मला बसायचंय’ असे तिने स्वतःहून सांगितले, तेव्हा ‘दोन मिनिटं हं, बाळा’ असे प्रेमळ उत्तर मिळाले. त्या दोन मिनिटांत तिच्यामागे आणखी मुले येऊन थांबली, कंटाळून एक गवतावर धावले आणि तेव्हा रखवालदाराने शिट्टी फुंकली. त्या मुलावर! ज्या फळीच्या साखळ्या करकरत होत्या, तिकडे त्याने मान वळवूनही पाहिले नाही. मी बोललो, तर ‘एवढं काय त्यात, काका, एन्जॉय करू द्या ना’ असा समजुतीचा सल्ला मला मिळाला, आणि बाकावर बसलेल्या सुशिक्षित मंडळींनी माझ्याचकडे वळून पाहिले. पुढच्या आठवड्यात ती फळीही मोडेल, दुरुस्तीला महिने लागतील आणि तोवर आमची मुलगी झोपाळ्याच्या वयातून बाहेर पडेल.

मुलाने यातून संयम शिकावा, असा सल्ला येथे द्यायचा होता, पण तो मी देणार नाही. शिकायचे असेल, तर तुम्ही शिका. तुम्हाला टेकड्या आहेत, चित्रपटगृहे आहेत, मॉल आहेत, रस्ता आहे, पदपथसुद्धा तुमचाच आहे; तीन वर्षांच्या मुलासाठी या सबंध गावात हातभर रुंदीची एक फळी राखून ठेवलेली आहे आणि तीही तुम्हाला हवी आहे. पाटी मराठीत आहे, अक्षर मोठे आहे. समोर मूल उभे असताना तुम्हाला ते दिसत नाही, असे नाही. दिसते आणि तरीही तुम्ही उठत नाही. लाज वाटू द्या जरा. उतरा खाली.