अंडरटेकर सात वेळा मेला नाही, आणि त्याला लागतही होतं

चवथीच्या सुट्टीपासून एक संदेश आमच्या गोव्यातल्या मराठी व्हॉट्सअॅप गटांतून फिरतोय, डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन करमणुकीच्या कुस्तीतल्या अंडरटेकर या कुस्तीगिराबद्दल. आधी डिचोलीच्या शाळासोबत्यांच्या गटात आला, मग देवस्थानच्या गटात, मग पेडण्याच्या मावसभावानेही तोच पाठवला. मजकूर थोडक्यात असा: अंडरटेकर सात वेळा मेला आणि सात वेळा परत आला. अक्षय कुमारने सिनेमात खऱ्या अंडरटेकरला लोळवलं. रेसलमेनियात, म्हणजे या कुस्तीच्या दरवर्षीच्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, तो आयुष्यात कधी हरला नाही. केन हा दुसरा कुस्तीगीर त्याचा सख्खा भाऊ. आणि शेवटी कोणीतरी जोडलेली ओळ: ‘तसंही हे सगळं खोटं असतं, कोणाला काही लागत नाही.’

केबलवर हे सामने बघत आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून ट्रम्प कार्डं आणून खेळत वाढलेली आमची पिढी. तेव्हा ऐकलेलं पडताळून बघायला साधन नव्हतं. आता आहे, आणि तरीही तोच मजकूर आपण पोरांच्या हातात देतोय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मरणापासून सुरुवात करू. या माणसाचं नाव मार्क कॅलावे. जन्म 24 मार्च 1965, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं ह्यूस्टन. कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा, मग कुस्तीच्या धंद्यात शिरला आणि 22 नोव्हेंबर 1990 रोजी सर्व्हायवर सीरिज या डब्ल्यूडब्ल्यूईच्या कार्यक्रमात अंडरटेकर म्हणून पहिल्यांदा उभा राहिला. जानेवारी 1994 च्या रॉयल रंबल या कार्यक्रमात योकोझुना या कुस्तीगिराने आणखी नऊ-दहा जणांच्या मदतीने त्याला शवपेटीत कोंबलं. पेटीतून धूर निघाला, पडद्यावर त्याचा चेहरा दिसला, तो बोलला, आणि एक आकृती छताकडे वर वर गेली. ज्यांनी ते बघितलं त्यांच्या डोळ्यांसमोरून ते अजून जात नाही, इतकं ते छान रचलं होतं. पण रचलेलंच होतं. कॅलावेच्या पाठीला दुखापत झाली होती आणि त्याला काही महिने विश्रांती हवी होती. वर गेलेली ती आकृतीसुद्धा त्याची नव्हे, मार्टी जॅनेटी या दुसऱ्या कुस्तीगिराची. 1996 मध्ये आणि 2003 मध्ये त्याला ‘जिवंत पुरलं’, तेही कथानकच. 2003 च्या वेळी तर मोटारसायकलवाला अवतार संपवून जुना काळ्या कोटातला अंडरटेकर परत आणायचा होता. मार्च 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो परतला.

सिनेमाचा मुद्दा याच गोष्टीला जोडून येतो. ऑगस्ट 1994 मध्ये शिकागोच्या समरस्लॅम या कार्यक्रमात एकाच वेळी दोन अंडरटेकर रिंगमध्ये उतरले. त्यातला तोतया होता ब्रायन ली. 1996 च्या ‘खिलाडियों का खिलाडी’मध्ये अक्षय कुमारसमोर उभा राहिला तो हाच ब्रायन ली. अक्षय कुमारने स्वतः 2021 मध्ये हे जाहीरपणे सांगितलं आहे. कॅलावे त्या सिनेमात एका क्षणापुरताही नाही.

रेसलमेनियात कधी हरला नाही, हा दावा मात्र बराच काळ खरा होता. 1991 मध्ये जिमी स्नुकाला हरवण्यापासून 2013 पर्यंत सलग 21 विजय. 6 एप्रिल 2014 रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रॉक लेस्नर या कुस्तीगिराने ती मालिका तोडली. पडद्यावर 21-1 असे आकडे आले तेव्हा प्रेक्षकांतले चेहरे बघा, लोक अक्षरशः तोंडावर हात ठेवून उभे आहेत. नंतर 2017 मध्ये रोमन रेन्सनेही त्याला हरवलं. एकूण हिशेब 25 विजय आणि 2 पराभव. निकाल आधी ठरलेला होता हे उघड आहे. पण त्याच लेस्नरच्या सामन्यात कॅलावेच्या डोक्याला मार बसला, त्याला इस्पितळात न्यावं लागलं, आणि त्या दिवसाचा मोठा भाग आपल्याला आठवतच नाही असं त्याने पुढे सांगितलं. पराभव ठरवलेला होता, डोक्याचा मार नव्हता.

केनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. त्याचं नाव ग्लेन जेकब्स. ऑक्टोबर 1997 मध्ये केन म्हणून आला, कॅलावेशी त्याचं रक्ताचं नातं नाही, आणि 2018 मध्ये तो टेनेसी राज्यातल्या नॉक्स काउंटीचा महापौर म्हणून निवडून आला.

आता ती शेवटची ओळ. बाकीच्या चार गोष्टी करमणूक म्हणून सोडूनही दिल्या असत्या, हिच्यासाठी मात्र लिहायला बसलो.

सगळं ठरलेलं असतं हे काही उघडकीला आलेलं गुपित नव्हे. खुद्द कंपनीनेच 1989 मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढे ही करमणूक असल्याचं मान्य केलं होतं. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक आणलं ती कुस्ती वेगळी, ही वेगळी. दोन्ही एका तराजूत घालू नयेत. आपल्याकडे जत्रेच्या काल्यात, म्हणजे दशावतारी खेळात, संकासुर राक्षस मरणार हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. म्हणून त्याच्या पायांना रात्रभर नाचल्याचे कष्ट होत नाहीत असं कोणी म्हणत नाही.

28 जून 1998, पिट्सबर्ग. सुमारे 16 फूट उंचीच्या लोखंडी पिंजऱ्याच्या छतावरून अंडरटेकरने मॅनकाइंडला, म्हणजे मिक फोलीला, खाली ढकललं. तो थेट समालोचकांच्या टेबलावर कोसळला. हे पडणं ठरवलेलं होतं. फोली पुन्हा वर चढला. यावेळी त्याला छतावर आपटलं, तेव्हा जाळीच निसटली आणि तो छतातून खाली रिंगमध्ये पडला, पाठोपाठ वरची लोखंडी खुर्चीही आली. हे ठरलेलं नव्हतं. फोलीचा दात तुटून नाकपुडीत जाऊन अडकला. आणि वर उभा असलेला कॅलावे मोडक्या पावलाने तो सामना खेळत होता.

2010 मध्ये सेंट लुईसला तर सामना सुरूही झाला नव्हता. एलिमिनेशन चेंबरसाठी, म्हणजे पिंजऱ्यातल्या कोठड्यांत पाळीची वाट बघत खेळायच्या सामन्यासाठी, कॅलावे चालत येत असताना प्रवेशाच्या आतषबाजीची ज्वाळा चुकीच्या वेळी उडाली आणि त्याच्या अंगावर आली. छातीवर आणि मानेवर भाजलं. तो तसाच पुढे गेला, कोठडीत उभा राहून बाटल्यांतलं पाणी अंगावर ओतत राहिला, आणि पाळी आल्यावर खेळला. ओवेन हार्ट हा दुसरा कुस्तीगीर तर 23 मे 1999 रोजी कॅन्सस सिटीत छतावरून दोरीने उतरताना पडून गेला. ते दृश्य नव्हतं, मृत्यू होता.

रिंगमध्ये कापडाखाली पातळ फोम असतो, फोमखाली लाकडी फळ्या, फळ्यांखाली लोखंड. अंडरटेकरचा तो प्रसिद्ध टूमस्टोन डाव जवळून बघा. समोरचा उलटा धरलेला असतो, त्याचं डोकं कॅलावेच्या मांड्यांमध्ये, गुडघ्यांपेक्षा जरासं वर. खाली बसताना सगळा भार गुडघे झेलतात. मारणाऱ्याचे गुडघे झिजतात म्हणून मार खाणाऱ्याची मान वाचते. डोकं बोटभर खाली सरकलं तर मान जाते. त्यासाठी वर्षानुवर्षांची तालीम लागते, आणि तेवढी तालीम असूनही कॅलावेला पुढे खुब्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

माझा भाचा पाचवीत आहे. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना त्याने धाकट्या चुलतभावाला गादीवर उलटा उचलला होता. ‘मामा, ह्यात काही लागत नाही, बाबांच्या मोबाइलवर आलंय,’ असं तो म्हणाला. माझ्या बहिणीने वेळेवर पाय धरले म्हणून निभावलं.

तो संदेश पुढे पाठवायचाच असेल तर पाठवा. सात मरणं ठेवा, अक्षय कुमार ठेवा. शेवटची ओळ तेवढी खोडून पाठवा.