आळशी आईबापांची मुले? रॅशफर्डवरील संदेशाला उत्तर

माझा भाचा कोल्हापुरात सातवीत शिकतो आणि संध्याकाळी पेठेतल्या मुलांबरोबर फुटबॉलचा सराव करतो. त्यांच्या संघाच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या आठवड्यात एक लांबलचक संदेश आला. इंग्लंडचा खेळाडू मार्कस रॅशफर्ड याने गरीब मुलांच्या जेवणासाठी केलेले काम हा निव्वळ देखावा होता, असे त्यात म्हटले आहे. त्याने स्वतःच्या खिशातून काही दिले नाही, फुकट जेवणाऱ्या मुलांचे आईबाप आळशी असतात, त्यांना अन्नासाठी मिळालेली कुपने दारूत जातात आणि या नादात खेळाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच युरो या युरोपातील देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रॅशफर्डची पेनल्टी हुकली, असे हे चार आरोप आहेत. ‘मामा, शाळेत खिचडी खाणाऱ्यांचे आईबाबा आळशी असतात का?’ असे भाच्याने फोनवर विचारले, तेव्हा हे उत्तर लिहिणे मला भाग पडले. त्याच्या संघातली निम्मी मुले शाळेतली खिचडी खातात आणि त्यांच्या घरच्या फोनवरही तो संदेश पोहोचला आहे.

पैशाच्या आरोपात थोडे तथ्य आहे, ते मान्य करतो. रॅशफर्डने स्वतःचे दोन कोटी पाउंड वाटले, असे त्याचे चाहते सांगतात, ते बरोबर नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर त्याने ‘फेअरशेअर’ या संस्थेशी हातमिळवणी केली. दुकाने आणि उत्पादकांकडे उरलेले चांगले अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोहोचवणारी ही संस्था आहे. दोन कोटींहून अधिक रक्कम उभी राहिली ती त्याच्या आवाहनामुळे, कंपन्यांच्या आणि सामान्य नागरिकांच्या देणग्यांतून. परंतु आवाहन करणारा माणूस स्वतः किती देतो, एवढ्यावरच त्याच्या कामाचे मोल ठरवायचे असेल, तर आपल्याकडे वर्गणी काढून उभ्या राहिलेल्या कितीतरी शाळांचे संस्थापक देखावा करणारे ठरतील.

खरा राग आहे तो आईबापांविषयीच्या वाक्याचा. ज्याने हे लिहिले, त्याने रॅशफर्डने १५ जून २०२० रोजी ब्रिटनच्या सर्व खासदारांना लिहिलेले खुले पत्र वाचलेले नाही. त्या पत्रात तो सांगतो, की त्याची आई किमान वेतनावर पूर्णवेळ काम करत होती, रात्रीचे जेवण ताटात पडावे म्हणून राबत होती आणि तरीही ते पुरत नव्हते. सकाळची न्याहारी शाळेच्या न्याहारी वर्गात, दुपारचे जेवण शाळेत, उरलेला आधार शेजाऱ्यांचा आणि प्रशिक्षकांचा. नाताळचे जेवण आणण्यासाठी दरवर्षी नॉर्दर्न मूर या भागात जावे लागे, हे त्याला स्वच्छ आठवते. पाच मुलांना एकटीने वाढवणाऱ्या बाईला आळशी म्हणायचे असेल, तर तिच्याइतके तास काम करून दाखवल्यावर म्हणावे. माझ्या भाच्याच्या मित्राची आई औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाते. ती पहाटे पाचला घर सोडते, म्हणून तो मुलगा शाळेतल्या खिचडीवर दुपार काढतो. त्याच्या घरातल्या फोनवर हे वाक्य पाठवताना पाठवणाऱ्याला काहीच कसे वाटले नाही?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मोफत जेवणाची कुपने न देण्याचा निर्णय सरकारने पत्राच्या दुसऱ्याच दिवशी फिरवला. इंग्लंडमधल्या सुमारे १३ लाख मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीचे सहा आठवडे दर आठवड्याला प्रत्येकी १५ पाउंडांची कुपने मिळतील, त्यासाठी १२ कोटी पाउंड खर्च होतील, असे जाहीर झाले. ऑक्टोबरमध्ये पुढच्या सुट्ट्यांसाठीचा प्रस्ताव संसदेत २६१ विरुद्ध ३२२ मतांनी फेटाळला गेला, तेव्हा त्याच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि नोव्हेंबरात सरकारला १७ कोटींची हिवाळी मदत जाहीर करावी लागली. ज्याला हा देखावा वाटतो, त्याने असा दुसरा देखावा दाखवावा.

राहिला कुपनांचा मुद्दा. पैसे हातात दिले की दारूत जातात, म्हणून वस्तूच द्याव्यात, हा युक्तिवाद आपल्याकडेही नेहमी ऐकू येतो. जानेवारी २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये काही ठिकाणी कुपनांऐवजी शिधा वाटला गेला. एका आईने तो जमिनीवर मांडून छायाचित्र काढले. पावाची एक लादी, चीजच्या काही चकत्या, घेवड्याचा एक डबा, दोन गाजरे, दोन बटाटे, एक टोमॅटो, थोडी सफरचंदे आणि केळी, आणखी किरकोळ काही. हा तीस पाउंडांच्या कुपनाऐवजी दहा दिवसांचा शिधा आहे, असे तिला वाटले होते, आणि दुकानातल्या दराने तिने केलेली बेरीज पाच पाउंडांच्या आसपास आली. तो पाच दिवसांचाच होता, असे पुरवठादार कंपनीने म्हटले, तरी त्या कंपनीला माफी मागावी लागली. रॅशफर्डने ती छायाचित्रे सर्वांसमोर आणली आणि राष्ट्रीय कुपन योजना पुन्हा सुरू झाली. गैरव्यवहाराची शंका घ्यायचीच असेल, तर ती आधी ठेक्यावर घ्यावी. मुलाला काय आवडते, घरात काय शिल्लक आहे आणि तेवढ्या पैशांत किती दिवस काढायचे आहेत, हे त्याच्या आईइतके कोणत्याही ठेकेदाराला कळत नाही.

पेनल्टीविषयी थोडक्यात. संसदेतल्या त्या मतदानानंतर बरोबर एका आठवड्याने, २८ ऑक्टोबर २०२० रोजी, रॅशफर्ड जर्मनीच्या लाइपझिग संघाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला आणि त्याने तीन गोल केले. त्या हंगामात मँचेस्टर युनायटेड या आपल्या क्लबसाठी त्याचे एकूण २१ गोल झाले. युरोच्या अंतिम सामन्यात चेंडू गोलखांबाला लागला, आणि त्याच्यापाठोपाठ त्याच्या दोन सहकाऱ्यांच्या पेनल्टीही हुकल्या. त्यांच्यापैकी कोणाच्या मोहिमेला त्याचा दोष द्यायचा, हे संदेशात लिहिलेले नाही.

भाच्याला मी त्या पत्राचा मराठी सारांश लिहून पाठवला आहे. तो गटावर टाकू का, असे त्याने विचारले. टाक म्हटले, आणि आधी तुझ्या मित्राला दाखव.