सगळ्या काळ्या, त्यात कडकनाथ कोणती?

गोराईच्या गावठाणात घरामागच्या अंगणात आठ काळ्या कोंबड्या चरत असल्या की पाहुणा हमखास विचारतो, "सगळ्या कडकनाथ का?" 'हो' म्हणावं आणि चहा टाकावा. 'नाही' म्हटलं की अर्धा तास गेला. कुठली कुठली ते दाखवावं लागतं, आणि बोट वर करेपर्यंत दाखवायची ती दुसरीच्या जागी गेलेली असते.

गोंधळ घालणाऱ्या जाती दोनच, कडकनाथ आणि ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प. एक मध्य प्रदेशातल्या झाबुआची, दुसरी ऑस्ट्रेलियाची, पण दहा फुटांवरून दोघी एकाच ताग्यातलं लुगडं नेसलेल्या जावा. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आता बाजारात काळं पीस दिसलं की ते कडकनाथ. विकणारा आईची शपथ घेतो. शपथेवर जाऊ नये, तोंड उघडून बघावं. कोंबडीचं.

त्यासाठी कोंबडी डाव्या काखेत घ्यायची, पंख अंगाशी दाबून. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं चोचीच्या कोपऱ्यांवर हलका दाब दिला की ती तोंड उघडते. जीभ काळी-करडी निघाली तर कडकनाथ. गुलाबी निघाली तर ऑस्ट्रालॉर्प, आणि पैसे कडकनाथचे मोजले असतील तर तोंड आपलंच बंद. तुऱ्यावरूनही कळतं: ऑस्ट्रालॉर्पचा उभा, लालबुंद, कडकनाथचा काळपट जांभळा. पण तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, अंड्यावर यायच्या आधी तिचा तुरा पिटुकला नि फिका असतो, आणि खुडूक बसलेल्या किंवा पिसं झडणाऱ्या कोंबडीचा आकसतो. म्हणजे नेमका संशय येतो तेव्हाच तुरा साक्ष फिरवतो.

मग पाय उलटा करून तळवा बघायचा. नडगी दोघींचीही गडद, पण ऑस्ट्रालॉर्पचा तळवा पांढुरका, कडकनाथचा काळा-करडा. आधी पाय धुवा मात्र. मुंबईच्या जुलैत अंगणातल्या चिखलानं सगळेच तळवे कडकनाथ असतात.

पाठीवरची हिरवी झाक पाहून ओळखू म्हणणाऱ्यांना लांबूनच हात जोडावेत. झाक दोघींनाही असते. उन्हानं पिसं विटून तपकिरी दिसायला लागली म्हणजे ती तिसरीच जात, असंही नव्हे. पिसं झडून नवी आली की बाई पुन्हा काळी. त्यापेक्षा उचलून बघणं बरं. पूर्ण वाढलेली ऑस्ट्रालॉर्प हाताला चांगली भरते, कडकनाथ त्या मानानं सडपातळ.

दिवसा धरायला गेलं तर आधी आपल्यालाच धाप लागते. रात्री दांडीवर बसल्यावर मंद टॉर्च घेऊन जावं. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, मुकाट हातात येते. शेजारच्या काकू मात्र खिडकीतून "कोण आहे रे?" असं तीनदा विचारतात.

अंड्यावरून ओळखू म्हणाल, तर कडकनाथचं अंडं काळं नसतं. ही बातमी पाहुण्याला बसवून सांगावी. ते फिकं बदामी, जरा लहान. ऑस्ट्रालॉर्पचं तपकिरी, जरा मोठं. खरा फरक मोजणीत आहे. कडकनाथ वर्षाला शंभराच्या आसपास घालते, ऑस्ट्रालॉर्प त्याच्या दुपटीहून जास्त. एका ऑस्ट्रालॉर्पनं ३६५ दिवसांत ३६४ अंडी घातल्याची जुनी नोंद आहे. उरलेल्या दिवशी बहुधा मेगाब्लॉक असावा.

दोन्ही जाती एका खुराड्यात ठेवल्या की पुढच्या पिढीत अर्धवट काळी जीभ आणि तांबूस-जांभळा तुरा घेऊन कुणीतरी हजर होतं. तिची जात ठरवायच्या भानगडीत पडू नये. अंडी देते, पुरे.

शहाण्यानं एकदा नीट तपासून प्रत्येकीच्या पायात प्लास्टिकची रंगीत कडी घालावी. कडी सहज फिरावी, पण पंजावरून निसटू नये. तलंगेच्या पायातली दर पंधरा दिवसांनी बघायची, कारण पाय जाड होतो आणि कडी रुतते. लाल रंग नको, बाकीच्या त्यावर टोचत बसतात. हिरवी कोणाची, पिवळी कोणाची, ते वहीत लिहून ठेवावं. खुराड्याच्या दारावर खडूनं लिहिलेलं पहिल्या सरीत धुऊन जातं, आणि मग पुन्हा कोंबडी काखेत.