लाईट गेली तरी हातात राहतं, ते माझं अवजार

पुण्यातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं नवीन लॅपटॉप घेतला आणि फोन करून विचारलं, "तू रोज काय काय वापरतोस ते सांग, मी पण टाकून घेतो." सांगता सांगता अर्धा तास गेला आणि शेवटी आमचा वादच झाला. त्याचं म्हणणं, आता सगळं ब्राउझरमध्ये होतं, मशिनवर काही ठेवायची गरजच नाही. मी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये उदगीरला घरी आलो, तो इथंच राहिलो. प्रोग्रामिंगचं काम तेच आहे, पण इथं बसून करायला लागल्यापासून या बाबतीत माझं मत पार बदललंय. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितो.

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं, वारं सुटतं आणि वळवाचा पहिला थेंब पडायच्या आत लाईट जाते. तिच्याबरोबर राउटरही जातो. माझा डेस्कटॉप आहे आणि यूपीएसची बॅटरी या उन्हाळ्यात बसली, त्यामुळं स्क्रीनही त्याच क्षणी काळी होते. परवा असंच झालं. बिलिंगच्या मॉड्यूलमधलं एक किचकट फंक्शन दीड तास लिहीत होतो, सेव्ह करायचं भानच राहिलं नव्हतं. आईनं आतून विचारलं, "काय करलालास रे अंधारात?" मला उत्तरच सुचेना.

लाईट आली, फाइल उघडली, तर व्हिमनं, म्हणजे मी ज्यात कोड लिहितो त्या एडिटरनं, सांगितलं की या फाइलची स्वॅप फाइल सापडली आहे. आर दाबलं. शेवटची ओळ अर्धी होती, बाकी सगळं जागच्या जागी. दोनशे अक्षरं टाईप झाली की, किंवा चार सेकंद हात थांबला की, व्हिम आपलं लिहिलेलं बाजूच्या लपलेल्या फाइलमध्ये टाकत राहतो. नवीन पोरांसाठी सांगतो, परत मिळालेला मजकूर लगेच मूळ फाइलवर सेव्ह करू नका. वेगळ्या नावानं ठेवा, दोन्हींतला फरक बघा, मग स्वॅप फाइल काढून टाका. नाहीतर दर वेळी तोच इशारा येत राहतो.

फाइल न देता नुसता व्हिम उघडला की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, अशी एक ओळ दिसते. ब्राम मोलेनार या डच माणसानं १९९१ मध्ये व्हिम पहिल्यांदा लोकांना दिला. पैसे मागितले नाहीत. द्यायचेच असतील तर त्या मुलांना द्या, एवढंच सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले. त्या दिवशी मी ती ओळ उघडून बराच वेळ बसलो होतो. ज्याला कधी भेटलो नाही, त्या माणसाचं एवढं देणं लागतो आपण.

गिटचंही तसंच. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं हे अवजार. ऑफिसात असताना कमिट (बदल नोंदवणं) आणि पुश (ते सर्व्हरवर पाठवणं) माझ्या डोक्यात एकच होतं. इथं आल्यावर त्यातला फरक कळला. सगळा इतिहास आपल्याच डिस्कवर असतो. जुनं बघा, नवी ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी फांदी, काढा, कमिट करा, कशालाच नेट लागत नाही. नेट आलं की पुश. हे जन्मालाच आलं एका अडचणीतून. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारी मंडळी याच कामाला बिटकीपर नावाचं एका कंपनीचं सॉफ्टवेअर वापरायची. ते फुकट वापरायची मुभा २००५ मध्ये काढून घेतली गेली, तेव्हा लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स यानं थोड्याच दिवसांत गिट उभं केलं. दुसऱ्याच्या हातातलं अवजार कधीही जाऊ शकतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

सर्व्हरवरच्या लांबलचक कामाला टीमक्स हा प्रोग्राम. इकडं कनेक्शन तुटलं तरी तिकडं काम चालू राहतं, परत जोडून घ्यायचं. डॉक्युमेंटेशन झील या ऑफलाइन वाचायच्या ॲपमध्ये उतरवून ठेवलेलं, पासवर्ड कीपास या मशिनवरच्याच तिजोरीत. व्हीएस कोड हा एडिटरही चांगलाच आहे, फ्रंटएंडला, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणाऱ्या भागाच्या कामाला, मी तोच उघडतो.

नोट्सचा अनुभव मात्र वाईट आहे. तीन वर्षं एका ऑनलाइन ॲपमध्ये लिहीत होतो. एक दिवस त्यांनी फुकटची मर्यादा कमी केली आणि माझ्याच नोट्स मला उघडेनात. एक्सपोर्ट केलं तर निम्मी चित्रं गायब. तेव्हापासून एक फोल्डर आणि साध्या टेक्स्ट फाइल्स. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डनं थेट मराठीत लिहितो, शोधायला ग्रेप. पन्नास वर्षांपूर्वीची कमांड आहे, पण हजारो ओळींतून नेमकी हवी ती ओळ काढून देते.

आणि साध्या युनिकोड मजकुराची, म्हणजे खास फॉन्टशिवाय कुठंही वाचता येणाऱ्या मजकुराची, किंमत मला दादांमुळं कळली. माझे वडील शाळेत मास्तर होते. त्यांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या कधीकाळी कॉम्प्युटरवर टाईप करून घेतल्या होत्या, एका जुन्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट कुठंच मिळेना, आणि फाइल उघडली की रोमन अक्षरांचा नुसता चिखल. नशिबानं एक छापील प्रत होती. ती समोर ठेवून कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर ते जुळवलं आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला. सगळ्यात छळलं ते पहिल्या वेलांटीनं आणि रफारानं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलटं. जोडाक्षर आलं की दोन्हींचा गोंधळ. चार रविवार गेले त्यात.

झाल्यावर ती फाइल दादांच्या मोबाईलवर टाकली. शोधायचं कसं ते दाखवलं. त्यांनी एका बोटानं सावकाश "भाऊराया" टाईप केलं आणि आजीच्या ओव्या एकेक करून वर यायला लागल्या. दादांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.