मायकन नुसता उंच होता? एका प्रतिक्रियेला उत्तर

१९४०-५० च्या दशकांतला अमेरिकी बास्केटबॉलपटू जॉर्ज मायकन याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "सहा फूट दहा इंचांचा माणूस बुटक्यांमध्ये उभा केला की गुण होणारच. शिवाय तेव्हा लीगमध्ये काळ्या खेळाडूंना प्रवेशच नव्हता. आजच्या एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) हा बाकावरही दिसला नसता. मग एवढं कौतुक कशाला?" प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

उंचीचं मला अजिबात पटत नाही. १९४०च्या सुमारास अमेरिकेत फार उंच मुलगा म्हणजे धांदरट, जड पायांचा, अशीच समजूत होती. मायकनला तर वरून जाड भिंगांचा चष्मा. नोत्र दाम विद्यापीठाने त्याला नाकारलं. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात प्रशिक्षक रे मेयर यांनी त्याला हाताशी धरलं. पाय हलके व्हावेत म्हणून दोरीच्या उड्या, बॉक्सिंग, अगदी नाचाची शिकवणीसुद्धा लावली. आणि एक सराव तासन् तास करून घेतला, जो आज जगभर 'मायकन ड्रिल' म्हणून ओळखला जातो. बास्केटच्या अगदी खाली उभं राहायचं. उजवीकडून उजव्या हाताने बोर्डावर चेंडू लावून बास्केट करायची, जाळीतून येणारा चेंडू जमिनीला लागू न देता झेलायचा, एक पाऊल टाकून डावीकडे जायचं आणि आता डाव्या हाताने. लगेच पुन्हा उजवीकडे. चेंडू हनुवटीच्या खाली आणायचा नाही. मिनिटभरात खांदे भरून येतात, आणि डावा हात किती कच्चा आहे ते लख्ख कळतं. नुसत्या उंचीवर भागत असतं, तर मेयरना हा खटाटोप करावा लागला नसता.

आता नियमांकडे बघा. बास्केटच्या दिशेने खाली येणारा चेंडू हाताने उडवायला कॉलेज बास्केटबॉलमध्ये १९४४ साली बंदी आली, ती मायकन आणि तसाच उंच दुसरा खेळाडू बॉब कुरलँड या दोघांमुळे. १९५१ मध्ये एनबीएने बास्केटखालचा पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद केला. तीन सेकंदांपेक्षा जास्त तिथे थांबता येत नसल्याने मायकनला बास्केटपासून लांब ढकलण्याचाच तो उपाय होता. त्याची सामन्यामागची गुणांची सरासरी २८.४ वरून २३.८ वर आली हे खरं. पण त्याच्या मिनियापोलिस लेकर्स संघाने १९५२, १९५३ आणि १९५४ अशी लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवली, तीही या रुंद पट्ट्यावर. नियम विरोधात गेल्यावरही जिंकणाऱ्याला 'फक्त उंच' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

२२ नोव्हेंबर १९५० चा सामनाही विसरू नका. फोर्ट वेन पिस्टन्सनी ठरवूनच टाकलं होतं की चेंडू नुसता हातात धरून वेळ काढायचा, म्हणजे मायकनपर्यंत तो पोहोचणारच नाही. सामना त्यांनी जिंकला, १९-१८ असा. लेकर्सच्या त्या १८ गुणांपैकी १५ एकट्या मायकनचे! पुढे १९५४ मध्ये २४ सेकंदांच्या शॉट क्लॉकचा, म्हणजे तेवढ्या वेळात चेंडू बास्केटकडे टाकायलाच हवा असा, नियम आला, त्यामागे असेच कंटाळवाणे सामने होते.

आजच्या एनबीएत तो टिकला असता का? त्या वेगात, तेव्हाच्याच पायांनी, बहुधा नाही. निवृत्तीनंतर १९५५-५६ मध्ये तो परतला, तेव्हा शॉट क्लॉकच्या खेळात ३७ सामन्यांत त्याची सरासरी १०.५ पर्यंतच गेली. पण १९४९ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या दर्शनी फलकावर संघाच्या नावाऐवजी 'जॉर्ज मायकन विरुद्ध निक्स' (निक्स म्हणजे न्यूयॉर्कचा संघ) असं झळकलं होतं. संघ आणि लीगसुद्धा पटापट बंद पडायच्या त्या दिवसांत तिकिटं खपत होती ती या माणसाच्या नावावर. त्या पिढीला लीगने पेन्शन मात्र तुटपुंजी दिली. मधुमेहाने पाय गमावलेला मायकन शेवटपर्यंत तिच्यासाठी झगडत होता. २००५ मध्ये तो गेला, तेव्हा अंत्यसंस्काराचा खर्च शकील ओनीलने उचलला. अलीकडच्या काळातला एवढा मोठा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) त्याचं ऋण मानतो, हे मला पुरेसं बोलकं वाटतं.

राहिला रंगभेद. इथे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि ते कोणीही झाकू नये. फेब्रुवारी १९४८ मध्ये शिकागो स्टेडियममध्ये सगळ्या काळ्या खेळाडूंचा हार्लेम ग्लोबट्रॉटर्स संघ लेकर्सना भिडला. मायकनने २४ गुण केले, तरी अर्मर रॉबिन्सनच्या अखेरच्या क्षणीच्या बास्केटवर ट्रॉटर्स ६१-५९ ने जिंकले. म्हणजे बाहेर ठेवलेले खेळाडू त्याच तोडीचे होते. अर्ल लॉइड, चक कूपर आणि नॅट 'स्वीटवॉटर' क्लिफ्टन यांना एनबीएचं दार उघडायला १९५०चा हंगाम उजाडला. मायकनची १९४८, १९४९ आणि १९५० ची विजेतेपदं त्याआधीची आहेत, आणि ती सांगताना ही गोष्ट सोबत सांगायलाच हवी. पण दार बंद ठेवलं ते संघमालकांनी. त्याचा हिशेब त्यांच्याकडे मागायचा, मायकनच्या डाव्या हाताकडे नाही.