सुंगट बाजूला काढलं म्हणून थाळी सुरक्षित होत नाही

जेवायला बसलेल्या माणसाने ‘मला सुंगटं (कोळंबी) चालत नाहीत’ म्हटलं की आपल्याकडे गोव्यात वाढणारा काय करतो? सुक्या सुंगटांच्या किसमुरीची वाटी उचलतो, हुमणातली म्हणजे कालवणातली चार सुंगटं पळीने वेचतो आणि तीच थाळी पुन्हा पुढे ठेवतो. वर म्हणतो, ‘कांय जायना, खा.’ यात माया असते, पण हीच माया माणसाला हॉस्पिटलात पोचवू शकते. सुंगटाच्या अ‍ॅलर्जीत शरीर भडकतं ते बहुतेकांत ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे. ते उकळून किंवा तळून निष्प्रभ होत नाही, उलट रश्शात उतरतं. सुंगट वेचलं तरी हुमण सुंगटाचंच राहतं. कुर्ल्यांतही जवळजवळ तेच प्रथिन असतं, म्हणून एक चालत नसेल तर दुसरंही बहुधा चालत नाही.

किसमूर तर त्याहून वाईट. सुकी सुंगटं भाजून चुरली की त्यांचा भुगा उडतो, शेजारच्या वाटीत पडतो आणि हाताला चिकटून पुढच्या थाळीपर्यंत जातो.

आता तव्याजवळची रव्याची परात बघा. सकाळी कोरडा, पांढरा रवा ओततात. त्यात आधी बांगडा घोळतो, मग सुंगटं, मग शिनाणे हे शिंपले, आणि दुपारी दीडपर्यंत परातीत मसाल्याने लाल झालेल्या ओल्या गुठळ्या उरतात. त्याच परातीत घोळवलेला इसवणीचा (सुरमईचा) तुकडा ‘फक्त मासा’ म्हणून टेबलावर जातो. मासा चालतो पण सुंगट चालत नाही, अशा माणसासाठी तो तुकडा विष आहे. वेगळ्या ताटलीत मूठभर ताजा रवा, धुतलेला तवा आणि नवीन तेल एवढं केलं की पुरतं. कढईतलं तेल कितीही तापलं तरी त्यात आधी तळलेल्या जिन्नसाचं प्रथिन राहतंच. आणि रवा म्हणजे गहू, हे गहू न चालणाऱ्याला आठवणीने सांगा. बाजारातल्या बहुतेक डबीबंद हिंगातही मैदा असतो.

शाकाहारी जेवणात काही धोका नाही, असं समजणारे खूप आहेत. खरं तर लग्नाच्या शाकाहारी पंगतीत सगळ्यात जास्त लपतो तो काजू. पांढरी ग्रेव्ही, कुर्मा, हलवा, सगळ्यात कणीकाजूची पेस्ट असते आणि आचाऱ्याला तो घटक वाटतच नाही, ‘दाटपणा’ वाटतो. काजू न चालणाऱ्याला पिस्ताही बहुधा चालत नाही, तेव्हा मिठाईवरची हिरवी पूडही विचारात घ्या. दाटपणाच हवा तर लिटरभर ग्रेव्हीला दोन चमचे तांदळाचं पीठ पाण्यात कालवून घाला. पण ग्रेव्हीचं वाटप कुठल्या भांड्यात केलं, हा खरा प्रश्न. मिक्सरच्या भांड्याचं पातं उलटं करून खाली बघा, झाकणाची रबरी रिंग काढून बघा. कालच्या शागुतीच्या रश्शाची खसखस आणि शेंगदाणे तिथे बसलेले दिसतील. ही जागा विसळून निघत नाही. अशा गिऱ्हाइकासाठी वेगळं छोटं भांडं ठेवा, त्याला रंगीत चिकटपट्टी लावा.

कायद्यावर फार विसंबू नका. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनाच मेन्यूवर अ‍ॅलर्जीची माहिती देणं एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बंधनकारक केलं आहे. आपली खानावळ, शॅक, घरगुती केटरर त्यात येत नाहीत. शिवाय त्या यादीत सुंगटं-कुर्ल्यांसारखे कवचधारी, मासे, अंडी, दूध, सोया, शेंगदाणे, काजू-बदाम, गव्हासारखी ग्लुटेनवाली धान्यं आणि पदार्थ टिकवणारं सल्फाइट आहेत, पण तिसऱ्या-कालवं असे शिंपले नाहीत, तीळ नाही, मोहरी नाही. ब्रिटनच्या चौदा घटकांच्या यादीत ही सगळी आहेत. गोव्याच्या मेन्यूवर शिंपल्यांचा वेगळा उल्लेख हवाच, असं माझं ठाम मत आहे.

स्वयंपाकघरात करायचं ते असं. काय चालत नाही हे ऑर्डरच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा, तोंडी निरोप गर्दीत हरवतो. हात साबणाने धुवा, सॅनिटायझरने शेंगदाण्याचं प्रथिन निघत नाही. जबाबदारी एकाच माणसाकडे द्या आणि थाळी त्यानेच नेऊन द्यावी. चुकून काजू पडलाच तर वेचू नका, ताटासकट बदला. बुफेत चमचे इकडचे तिकडे होतातच, म्हणून अशा पाहुण्याचं ताट भांडी बाहेर लागण्याआधीच काढून झाकून ठेवा. आणि जमत नसेल तर स्पष्ट सांगा, ‘आमच्याकडे नको.’ त्यात कमीपणा नाही.

एक वेगळी गोष्ट, कारण ती नेहमी अ‍ॅलर्जीच्या नावावर खपते. बांगडा, तारले, ट्यूना बर्फाविना राहिले की जिवाणू त्यात अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं हिस्टामिन तयार करतात. ते शिजवूनही जात नाही, गोठवूनही नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते. एकाच टेबलावरच्या तिघाचौघांना झालं तर बहुधा अ‍ॅलर्जी नव्हे, मासा बिघडलेला. आपल्या उन्हात माशाच्या वजनाइतका बर्फ लागतो. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत बाहेरून येणाऱ्या माशाकडे जास्तच लक्ष हवं.

‘पित्त उठलं’ हा आपला शब्दही घात करतो. अंगावर गांधी आल्या की आमसूल भिजवून चोळायचं, ही सवय. नुसत्या गांधी असतील तर ठीक. पण जेवल्यावर गांधींबरोबर उलट्या, घोगरा आवाज, धाप किंवा चक्कर आली तर ती जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस आहे. कधी कधी गांधी येतही नाहीत. तिथे आमसूल नको आणि सेट्रिझिनच्या गोळीवरही थांबू नका. सेट्रिझिन खाज कमी करतं, श्वासनलिका उघडत नाही. उपाय एकच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनालिन. या इंजेक्शनचा डोस वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. पेशंटला आडवं करून पाय उंच ठेवा, धाप लागत असेल तर बसवा, पण उभं करून चालवू नका. १०८ ला फोन करताना ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ हाच शब्द वापरा. इंजेक्शनने बरं वाटलं म्हणून लगेच घरी आणू नका. काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो, म्हणून डॉक्टर सोडतील तोवर हॉस्पिटलातच थांबा.